मागून येणाऱ्याची जागा

लालबाग, परळ, काळाचौकी, डिलाईल रोड या भागातल्या जुन्या चाळींमध्ये कुठल्या ना कुठल्या मजल्यावर अशी एक खोली असायची, जिच्या दारावर माणसाचं नाव नसे, गावाचं असे. पत्र्याच्या पाटीवर ग्रामदेवतेचं नाव, त्याखाली ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ आणि मग तालुका, जिल्हा. आत दहा बाय बाराची जागा. भिंतीलगत एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या ट्रंका, दोरीवर सदरे-लेंगे, कोपऱ्यात वळकट्यांची चळत, फळीवर देवाची तसबीर आणि खुंटीला पखवाज. कुणी तिला बैठकीची खोली म्हणत, कुणी गावकीची खोली, तर आजरा-चंदगडकडची मंडळी गाळा म्हणत. एकेका खोलीत वीस-पंचवीस माणसं, कधी त्याहूनही जास्त. गिरणीच्या तीन पाळ्या होत्या म्हणून ते जमायचं. पहिल्या पाळीची माणसं भोंग्याबरोबर बाहेर पडली की रातपाळीची माणसं येऊन त्याच जागेवर अंग टाकत. उन्हाळ्यात उरलेली मंडळी गॅलरीत, गच्चीवर आणि फुटपाथवर पथाऱ्या पसरत.

आमच्या कणकवलीकडच्या गावाची अशी एक खोली लालबागला होती. वडील गिरणीत साचेवाले. लग्नानंतर त्यांनी शेजारच्या चाळीत स्वतंत्र बिऱ्हाड केलं, पण रविवारची सकाळ गावकीच्या खोलीसाठी राखलेली असे. मी त्यांचा हात धरून जायचो. देवाला अगरबत्ती लागे, वर्गणीची वही उघडे, गावाहून आलेली पत्रं मोठ्यानं वाचली जात. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पडवीची कौलं वाऱ्यानं गेली, शाळेच्या इमारतीला वासे कमी पडतायत, सगळं त्या खोलीत कळे आणि शाळेच्या वाशांचा खर्च तिथेच ठरे. गावातले कितीतरी तंटे मुंबईच्या बैठकीत मिटत, कारण पैसा इथून जायचा आणि ज्यांच्या शब्दाला वजन होतं ती माणसंही इथेच होती.

मुंबईनं आपल्याला पोसलं, असं आपण अभिमानानं म्हणतो. ते खरंच आहे. पण या शहरात पहिल्या रात्री पाठ टेकायला जागा दिली ती आपल्याआधी आलेल्या माणसांनी. आधी आलेल्यानं मागून येणाऱ्यासाठी जागा राखायची, या एका रिवाजावर गिरणगावातली लाखो घरं उभी राहिली. माझ्या लहानपणीच्या आणि आजच्या लालबाग-परळमध्ये जे जे बदललं, त्यात हा रिवाज सुटत गेला याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं.

हा रिवाज आला कुठून? १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला कापडाची पहिली गिरणी काढायला घेतली आणि पुढच्या पन्नास वर्षांत चिंचपोकळीपासून दादरपर्यंत चिमण्यांचं रान उठलं. माणसं आली ती प्रामुख्यानं रत्नागिरीतून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जनगणनांमध्ये मुंबईबाहेर जन्मलेल्या मुंबईकरांत रत्नागिरी जिल्हा सगळ्यांत पुढे होता. आजचा सिंधुदुर्गही तेव्हा रत्नागिरीतच होता, तो १९८१ साली वेगळा झाला. घाटावरून सातारा, कोल्हापूर, पुणे, नगरची माणसं आली. बहुतेक सगळे पुरुष, एकेकटे, कोवळ्या वयाचे. बायकामुलं, म्हातारे आईबाप, शेतीचा तुकडा गावाला. महिन्याची मनीऑर्डर गेली की गावातली चूल पेटायची. अशा माणसाला भाड्याची खोली परवडणं शक्यच नव्हतं, आणि नुसत्या भाड्यावर भागलंही नसतं. त्याला नोकरीला चिकटवणारा ओळखीचा माणूस हवा होता, आजारपणात औषध आणून देणारा हवा होता, आणि वेळ आलीच तर गावाला निरोप नेणारा हवा होता. गावकीची खोली हे सगळं एकाच दारात द्यायची.

मुंबईला येणं हीसुद्धा तेव्हा एकट्याची गोष्ट नव्हती. माझे आजोबा बोटीनं आले. पडावातून बोटीपर्यंत जायचं, विजयदुर्ग, जैतापूर, रत्नागिरी अशी बंदरं घेत डेकवर रात्र काढायची आणि मुंबईच्या धक्क्यावर उतरायचं. समुद्र नेहमी मायाळू नसे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आमच्या भागातली म्हातारी माणसं त्या दिवसाबद्दल बोलताना आवाज खाली आणत. वडिलांच्या पिढीला एसटी मिळाली. पण बोट असो की एसटी, उतरवून घ्यायला खोलीवरचं कुणीतरी आलेलं असे. पत्र आधीच पोचलेलं असायचं.

खोलीत पाऊल टाकलं की वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “कोणाचो रे तू?” बापाचं, आजाचं नाव सांगितलं की पुढचा शब्द, “बस. आधी पाणी पी.” मग ट्रंक ठेवायला जागा दाखवली जाई. काम लागेपर्यंत नव्या पोराकडून वर्गणी घेत नसत. खाणावळीत त्याचं ताट कुणाच्या तरी खात्यावर मांडलं जाई. खोलीतल्या जुन्या माणसाची गिरणीत माणसं कामावर घेणाऱ्या जॉबरशी ओळख असे. तो पोराला घेऊन दारावर जाई आणि बदली कामगार म्हणून चिकटवून येई. पहिला पगार झाला की पोरगा देवापुढे नारळ फोडायचा आणि त्या दिवसापासून वर्गणी सुरू. पुढे वर्षभरात गावाहून दुसरा कुणी आला की त्याच्या ताटाची जबाबदारी यानं घ्यायची. लेखी नियम फारसे नव्हते, तरी हा क्रम कुणी चुकवत नसे.

आज गावाहून येणाऱ्या मुलाचा प्रवास सोपा आहे. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि कोकण एका रात्रीच्या अंतरावर आलं. माझ्या पुतण्याच्या वयाची मुलं पदवी घेऊन येतात, फोनवर मुलाखत देऊन येतात. जॉबरचे पाय धरावे लागत नाहीत, कुणाच्या उपकाराखाली राहावं लागत नाही. ही मोठी कमाई आहे आणि तिच्यासाठी आमच्या बापजाद्यांनी हाडं झिजवली. पण हा मुलगा दादरला उतरतो तेव्हा उतरवून घ्यायला कुणी नसतं. लालबाग-परळला राहणं त्याच्या पगारात बसत नाही. दिवा, नालासोपारा, विरार, बदलापूर. एजंटला दलाली, मालकाला डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार. शेजारच्या दारामागे त्याच्याच तालुक्यातलं कुटुंब असलं तरी ते त्याला कळायला कितीतरी महिने जातात. गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो, त्यावर गावच्या जत्रेचे फोटो येतात, वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. पण ताप आला तर दवाखान्यात कोण नेणार, हे त्या ग्रुपमध्ये ठरलेलं नसतं. खोलीत ते ठरलेलं होतं.

जेवणाचं पाहा. खोलीत चूल पेटवायला परवानगी नसे आणि वेळही नसे, म्हणून खाणावळ. गिरणगावातली खाणावळ म्हणजे बहुतेक वेळा चाळीतल्याच एका बाईचं घर. नवरा गिरणीत, नाहीतर कामावरून सुटलेला, नाहीतर गेलेला. ती बाई पहाटे चारला उठून पंधरा-वीस माणसांच्या भाकऱ्या थापायची. मालवणी खाणावळीत बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी, घाटावरच्या बाईकडे झुणका, पातळ आमटी आणि ठेचा. महिन्याचा हिशोब पगाराच्या दिवशी. संप झाला की हिशोब लांबायचा आणि खाणावळवाली उधारीवर वाढत राहायची. गिरणगावातल्या प्रत्येक मोठ्या संपाला या बायकांनी आपल्या पदरचं अन्न घातलं आहे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, सावकाराच्या विळख्यातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्याआधीची कितीतरी दशकं त्या कुणाच्याही खिजगणतीत नव्हत्या. परक्या शहरात माणसाला आपलेपणा वाटतो तो आधी जिभेला, आणि ती जबाबदारी या बायकांनी निभावली.

गिरगावात हीच गोष्ट जरा वेगळ्या थाटात होती. तिकडे गिरणी कामगारांपेक्षा कारकून, शिक्षक, छापखान्यातले कंपोझिटर, दुकानांतले नोकर. खोताच्या वाडीतल्या अनंताश्रमासारख्या गोमंतकी खाणावळीत एकटे राहणारे कोकणी-गोव्याचे लोक माशाच्या आमटीसाठी रांग लावत. दादरला मामा काणे यांचं उपाहारगृह १९१०पासून. अनंताश्रम आता बंद झालं. लालबागच्या मसाला गल्लीत मात्र अजून उन्हाळ्यात मिरच्यांचे ढीग लागतात आणि डोंबिवली-विरारला गेलेल्या बायका लोकलनं येऊन तिथेच मसाला कुटून नेतात. या गर्दीत उभं राहिलं की मला बरं वाटतं. घरं लांब गेली, तरी वर्षाचा मसाला अजून लालबागचाच लागतो.

गावकीच्या खोलीचं एक जुनं भावंड गिरगावच्या शेजारीच, धोबीतलावला आणि आसपासच्या गल्ल्यांत होतं: गोव्याच्या ख्रिस्ती दर्यावर्दींची कूड. गोव्यातल्या एकेका गावानं मुंबईत आपापली कूड केली. बोटीवर नोकरी करणारे खलाशी, आचारी, वाजंत्री जहाजाची वाट पाहत इथे राहत. ट्रंका तशाच भिंतीलगत, वर्गणी तशीच माफक, आणि तसबिरीच्या जागी गावाच्या संताची मूर्ती. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची, हा नियम. जेर महालच्या इमारतीत अशा अनेक कुडी होत्या आणि काही अजून तग धरून आहेत. गोमंतकीयांचं लाडकं कोकणी नाटक, तियात्र, गोव्यात जन्मलं नाही. पहिलं तियात्र ‘इटालियन भुरगो’ १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, न्यू आल्फ्रेड थिएटरात झालं. घरापासून लांब राहणाऱ्या माणसांना स्वतःच्या बोलीत हसायचं-रडायचं होतं, म्हणून ती कला या शहरात निपजली.

आमच्याकडेही तेच घडलं. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ सालचं, ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगचं. तिथे नमन-खेळे, शक्ती-तुऱ्याचे सामने, दशावतार रंगायचे. गावात होळीला आणि जत्रेला होणारे खेळ मुंबईत तिकीट लावून होत आणि तिकिटाचे पैसे गावच्या देवळाला किंवा शाळेला जात. स्टेजवर नमनातला संकासुर आला की प्रेक्षागृहात म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत एकच कल्ला. गिरगावात साहित्य संघ मंदिरात नाटकं. रविवारी भजनी मंडळांच्या बाऱ्या चाळीच्या चौकात, डबलबारी पहाटेपर्यंत. शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक गिरणगावातल्याच मैदानांतून उभं राहिलं. अण्णाभाऊ स्वतः वाटेगावहून बापाबरोबर पायी चालत मुंबईला आलेले. गावाला राहिलेल्या बायकोच्या आठवणीनं व्याकुळ झालेला माणूस त्यांनी छक्कडमध्ये मांडला आणि प्रत्येक खोलीतल्या माणसाला वाटलं की हे आपलंच सांगणं आहे.

सार्वजनिक गणपतीही याच गरजेतून रुजला. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३, चिंचपोकळीचा चिंतामणी १९२०, गणेश गल्ली १९२८, लालबागचा राजा १९३४. ज्याला गौरी-गणपतीला गावी जायला रजा मिळाली नाही, त्याचा गणपती चाळीत बसला. आज लालबागच्या रांगेत देशभरातून माणसं येतात. गर्दी वाढली, मूर्ती उंच झाल्या, पण मंडळाच्या जुन्या कार्यकर्त्याला विचारलंत तर तो अजूनही रात्री भजनाला कोण बसायचं तेच सांगतो. दामोदर नाट्यगृह शंभरी ओलांडून पुनर्विकासासाठी बंद झालं, तेव्हा लोककलावंतांनी रस्त्यावर उतरून आवाज उठवला. कोकणातल्या नमन मंडळांना मुंबईत हक्काची रंगभूमी लागते, याची जाण त्यांना होती.

जुन्या दिवसांबद्दल लिहिताना मला एक गोष्ट दडपायची नाही. त्या खोलीचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं. गावाची खोली बहुधा गावातल्या एका वाडीची, एका जातीची असे. दलित माणसाला गिरणीतही साचाखात्यात शिरकाव नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ होई. जास्त पगाराचं काम त्यामुळे त्याच्या हाती कधी लागलं नाही. म्हणून त्या समाजानं आपल्या खोल्या, आपल्या संस्था वेगळ्या उभ्या केल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हेही मूळचे कोकणातल्याच आंबडव्याच्या घराण्यातले, आणि परळच्या बीआयटी चाळीत त्यांचं कुटुंब वर्षानुवर्षं राहिलं. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेची सुरुवात परळच्या दामोदर हॉलमध्येच झाली. वसतिगृहं आणि वाचनालयं काढून त्या सभेनं मागून येणाऱ्यांसाठी जागा केली. आपल्या गावकीनं जे केलं नाही ते तिनं केलं, हे नमूद करायलाच हवं. बायकांसाठीही खोलीत जागा नव्हती. गिरणीत काम करणारी एकटी बाई चाळीत कुणाच्या तरी आधारानं, पडद्याआड राहायची. आज मुलगी एकटी येते, नोकरी करते, स्वतःच्या नावावर घर घेते. या बाबतीत आताचे दिवस निःसंशय चांगले आहेत.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. कामगार नेते दत्ता सामंत यांच्या मागे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पहिले महिने खोल्यांनीच काढून दिले. गावाहून तांदळाची पोती आली, खाणावळवाल्यांनी उधारीची वही बंद केली नाही. मग एकेकानं ट्रंक उचलली. कुणी गावी गेला आणि पुन्हा शेताला लागला, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी वॉचमन झाला. आमच्या खोलीत एरवी पाय ठेवायला जागा नसे, तिथे दुपारी दोन-तीन माणसं बसलेली दिसायची. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, तो तसाच विरून गेला. पुढे गिरण्यांच्या जमिनी विकल्या गेल्या. फिनिक्स मिलमध्ये मॉल आला, कमला मिलमध्ये कचेऱ्या आणि हॉटेलं, दादरच्या कोहिनूर मिलच्या जागी काचेचा मनोरा. २०१२पासून गिरणी कामगारांसाठी म्हाडाच्या घरांच्या सोडती निघू लागल्या, पण अनेकांच्या नावाची चिठ्ठी निघाली तेव्हा ते हयात नव्हते.

खोलीची ही रीत आपल्यापुरतीच नाही, हे मला गोव्यात कळलं. मधल्या काळात मी तिथे मोरजीला जाऊन आलो. आमच्या सिंधुदुर्गाला लागून असलेल्या पेडण्यातलं हे गाव. तिथल्या रस्त्यांवर रशियन अक्षरातल्या पाट्या, हॉटेलांचे रशियन मेन्यू, भिंतींवर चिकटवलेल्या भाड्याच्या घरांच्या रशियन जाहिराती. रशिया हे नाव लालबाग-परळला परकं नव्हतं. १९२८च्या गिरणी कामगार युनियनपासून लाल बावटा आमच्या गल्ल्यांत होता, अण्णाभाऊ १९६१ साली तो देश पाहून आले आणि त्यांनी त्यावर प्रवासवर्णन लिहिलं. पण त्या देशातली माणसं आपल्या किनाऱ्यावर येऊन घर करतील, असं आम्हाला कधी वाटलं नव्हतं. मोरजीत मला ती माणसं पाहून खोलीच आठवली. नवा आलेला माणूस जुन्याला विचारून घर शोधतो, चहा-नाश्त्याला एका ठरावीक जागी जमतो, पोरांना आपल्या भाषेत बोलायला मिळावं म्हणून आया एकत्र येतात.

रशियन बोलणाऱ्यांना हा अनुभव शंभर वर्षांचा आहे. १९१७च्या क्रांतीनंतर बाहेर पडलेल्यांनी बर्लिन आणि पॅरिसमध्ये आपली वर्तमानपत्रं, छापखाने, चर्च उभे केले. लवकरच परत जायचं आहे या आशेवर कितीतरी जणांनी कित्येक वर्षं सामान पुरतं सोडलं नाही. पॅरिसमध्ये पूर्वीचे लष्करी अधिकारी टॅक्सी चालवत. १९७०च्या दशकात सोव्हिएत देशातून निघालेले ज्यू, त्यातले बरेच ओडेसाचे, न्यूयॉर्कच्या ब्रायटन बीचवर जमले आणि त्या वस्तीला लोक छोटं ओडेसा म्हणू लागले. दुकानात लोणची, सुके मासे, काळा पाव, आणि काउंटरवर आपली भाषा. १९९०च्या दशकात इस्रायलला लाखोंनी गेले. २०२२नंतर युद्धामुळे पुन्हा माणसं बाहेर पडली, तिबिलिसी, येरेवान, इस्तंबूलला गेली. प्रत्येक लाटेला आधीच्या लाटेनं हात दिला, तिथे ती रुजली. जिथे आधीचं कुणी नव्हतं, तिथे माणसं फार काळ उपरी राहिली.

परत जायची ही आशा आमच्या आजोबांनाही होती. चाळीस वर्षं मुंबईत काढून त्यांच्या लेखी घर गावालाच होतं आणि निवृत्तीनंतर ते खरंच परत गेले. वडील गेले नाहीत. माझ्या मुलीचं घर आता परदेशात आहे. ती पोचली तेव्हा तिथल्या मराठी मंडळातल्या एका कुटुंबानं तिला विमानतळावरून घरी नेलं आणि भाड्याचं घर मिळेपर्यंत ठेवून घेतलं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं आहे, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ सालचं. ही मंडळं कुणी विद्वानांनी शोधून काढलेली नवी कल्पना नव्हती. लालबाग-गिरगावातल्या खोल्यांत जे वर्षानुवर्षं चाललं होतं, तेच साता समुद्रापार पोचलं. मुलीनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मला आमच्या खोलीतल्या त्या वडीलधाऱ्यांचे चेहरे आठवले, ज्यांनी माझ्या आजोबांना आधी पाणी पी म्हणून बसवलं होतं.

आणि इथे, लालबाग-परळमध्ये? रात्री उशिरा गल्लीत फिरलं तर दिसतं की जुन्या खोल्यांत आता दुसरी माणसं राहतात. मनोऱ्यांवरचे सुरक्षारक्षक, जेवणाची पार्सलं पोचवणारी मुलं, हॉटेलांतले आचारी, बांधकामावरचे मजूर. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा, नेपाळ. एका खोलीत आठ-दहा जण, पाळीपाळीनं झोप, दोरीवर कपडे, महिन्याला घरी पैसे. आता मनीऑर्डरच्या जागी फोनवरून जातात इतकंच. त्यांच्याकडे पाहताना आपल्या मनात पहिल्यांदा काय येतं, हे प्रत्येकानं स्वतःला विचारावं. माझे आजोबा या शहरात असेच आले होते, अंगावर एक सदरा आणि ट्रंकेत दुसरा. त्यांना तेव्हाच्या शहरानं गर्दी म्हणून हिणवलं असेल, पण गावकीनं जागा दिली. या नव्या मुलांना कुणाची तरी जागा मिळते आहे, याचा मला मनापासून आनंद होतो.

चाळींचे मात्र आता शेवटचे दिवस आहेत. ब्रिटिशांच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे बांधलेल्या २०७ बीडीडी चाळींपैकी बहुतेक एकेक करून पाडल्या जात आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांचं घर मिळतं आहे, आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या रहिवाशांना चाव्या मिळाल्या तेव्हा कित्येक डोळे पाणावले. सार्वजनिक संडासाची रांग, नळावरची भांडणं, गळकं छप्पर सोसलेल्या माणसांना हे हक्कानं मिळायलाच हवं होतं. माझा प्रश्न गावकीच्या खोल्यांचा आहे. त्यांच्या भाडेपावत्या बहुतेक वेळा एखाद्या जाणत्या गावकऱ्याच्या नावावर असत, कारण तेव्हा एकमेकांवर विश्वास होता आणि खोलीला कवडीची किंमत होती. आज त्याच खोलीच्या जागी कोट्यवधींचं घर येणार. मग गावकीत आणि वारसांत वाद लागतात, खोली विकून पैसे वाटून घ्यायचा विषय निघतो. काही मंडळं शहाणपणानं वागली आहेत. त्यांनी संस्था नोंदवून घेतली, खोली संस्थेच्या नावावर केली आणि नव्या इमारतीतही गावाच्या मुलांसाठी ती राखली. यूपीएससी-एमपीएससीचा अभ्यास करणारी, टाटा रुग्णालयात उपचारासाठी आलेली गावाकडची माणसं आज अशा खोल्यांत उतरतात. परळला कर्करोगाच्या उपचारासाठी आलेल्या कुटुंबांना फुटपाथवर रात्र काढताना ज्यानं पाहिलंय, त्याला अशा एकेका खोलीचं मोल वेगळं सांगावं लागणार नाही.

म्हणून ज्या मंडळांच्या खोल्या अजून शाबूत आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पुनर्विकासाच्या करारावर सही करण्याआधी खोली मंडळाच्या नावावर करा. जुन्या वर्गणीच्या वह्या, पत्रं, फोटो रद्दीत घालू नका. कोण कधी आलं, कुणी कुणाचं ताट उचललं, हा गिरणगावाचा अस्सल इतिहास त्या वह्यांत आहे. म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून तो सांगून घ्या, लिहून ठेवा. नव्या इमारतीत मंडळाला जागा मिळाली तर तिथे जातीची, वाडीची अट ठेवू नका. मुलींसाठीही तेच दार उघडा. आणि ज्यांच्या गावाची खोली कधीच गेली, त्यांनी निदान आपल्या सोसायटीत गावाहून नव्यानं आलेल्या एका मुलाच्या पहिल्या महिन्याची जबाबदारी घ्यावी. आपल्या आजोबांना जागा देणारी माणसं आता या जगात नाहीत. त्यांचं देणं फेडायला आपल्यापुढे एकच माणूस उरतो, मागून येणारा. तो कोकणातला असो, घाटावरचा असो की बिहारचा, त्याला आज रात्री पाठ टेकायला जागा हवी आहे.